सुमनताईंचे कान

बदनापूर, मंगळवार संध्याकाळ

जालन्याहून गरोदरपणाच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आले, तेव्हापासून माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या रक्तात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू निघाला. मी घाबरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जुना संसर्ग आहे. आपल्याकडं जवळपास सगळ्याच गरोदर बायांच्या रक्तात याची खूण सापडते. लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. बाळाला त्रास क्वचितच होतो. एखाद्याचे कान जातात."

घरी आत्याबाईंनी विचारलं, "कुठून आणलंस गं हे?"

मी चिडले. "आणलं न्हाई, आत्याबाई. सगळ्यांनाच असतं. तुम्हालाबी आसंल." आणि बाळाच्या कानांचंही बोलून गेले. कशाला बोलले?

भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला. "मंग आमच्या सुमनलाबी तेच झाल्तं का?"

सुमनताई माझी नणंद, जन्मापासून बहिरी. आत्याबाईंनी पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून, असं अख्खं घर सांगत आलं. त्याही तेच मानत आल्या. पण ग्रहणामुळं नसेलच तर? आता कोण सांगणार?

"माहीत न्हाई," एवढंच म्हणाले.

"माझी सासू मरेपर्यंत मला टोचत राह्यली," त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी करपून गेली. ते ग्रहण त्यांनी किती वर्षं अंगावर वागवलं असेल?

धुराच्या वासानं सुमनताई आत आल्या. आमची तोंडं बघून त्यांनी हातानंच विचारलं, काय झालं? त्यांना वाटलं, बाळाचंच काही. माझ्या पोटावर हात ठेवून त्या परत परत तेच विचारत राहिल्या.