विहिरीतली हजेरी

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! यवतमाळहून घाटंजी आणि तिथून पुढे तासभर एसटीने हाडं खिळखिळी केली, पण खिडकीबाहेर दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला होता आणि माझा आनंद काही मावळायला तयार नव्हता. मी पडले साताऱ्याची. एवढं सपाट आणि एवढं पांढरं रान मी कधी पाहिलेलं नाही.

खोली विमलताईंच्या घरी मिळाली आहे. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलाय, आणि भाव येईन तवाच इकू, असा त्यांचा बाणा आहे. गावातला मोठा जिनिंगचा कारखाना तर दोन हंगाम बंदच पडलाय म्हणे. कापसाने माझ्या अंगाला खाज सुटली आणि शिंका सुरू झाल्या. विमलताई हसल्या, म्हणाल्या, होईन सवय. संध्याकाळी त्यांनी ठेचा वाढला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण साताऱ्याची लाज राखायची म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतला.

५ नोव्हेंबर
आज कोर्टात माझ्या कामाला सुरुवात झाली. पदाचं नाव मुलीच्या लग्नपत्रिकेत शोभेल इतकं लांब आहे, समाजसेवा व परिवीक्षा समन्वयक. काम सोपं आहे. नव्या कायद्यात लहान गुन्ह्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देता येते. मी गावासाठी उपयोगी काम शोधायचं, माणसं त्याला लावायची, हजेरी घ्यायची आणि न्यायाधीश साहेबांना अहवाल द्यायचा. काम चुकवलं तर मात्र तुरुंग.

पहिली दोन माणसं मिळाली. हिरासिंग तांड्यावरचा. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेला, आणि परवा पिऊन बाजारात धिंगाणा घातला. दुसरा आसिम, मोटारसायकलींचा मेकॅनिक. त्याने कोणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी उचलली होती, ती परत दिली, गुन्हा पहिलाच. पोरगा हसरा आहे, तोंडाने वाचाळ. त्याची बायको कहकशां सातव्या महिन्याचं पोट घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, मॅडम, त्याले घरी ठेवा. मी तिला शब्द दिला. मोठ्या रुबाबात दिला.

१० नोव्हेंबर
काम सापडलं! बंद जिनिंगच्या आवारात एक जुनी विहीर आहे. तिचा गाळ काढला तर उन्हाळ्यात दोन वॉर्डांना पाणी मिळेल. नगरपंचायतीने यारी दिली, म्हणजे विहीर खोदणाऱ्यांची छोटी क्रेन, आणि ती चालवायला एक माणूस. हे दोघे लोखंडी शिडीने खाली उतरतात आणि बादल्या भरतात, यारीवाला वर ओढतो. तळाशी कडेला एक कपार आहे, गाळ खरा तिच्यातच साचलाय.

कठडा ढासळलेला आहे आणि मला खोलीची भयंकर भीती वाटते, त्यामुळे मी दूर कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. हजेरी तिथूनच, कोर्टातल्या पुकाऱ्यासारखी, पूर्ण नाव घेऊन. आसिमने खालून दणक्यात उत्तर दिलं, हजर मॅडम, चहा पाठवा! हिरासिंग मात्र गप्प. मी तीनदा हाक मारली. शेवटी दोर तेवढा हलला.

वर आल्यावर त्याला झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मानूस खाली असला का वरून त्याचं नाव घेत नसते, मॅडम." मी विचारलं, का? "काहून ते मले नाई मालूम. आमच्यात नसते घेत." कारणही माहीत नाही आणि हट्टही सोडवत नाही! मला हसूच आलं. सांगून टाकलं, उत्तर नाही तर हजेरी नाही.

१२ नोव्हेंबर
हिरासिंगने पुन्हा दोरच हलवला. वर मलाच विनवायला लागला, त्या मेकॅनिक पोराचं नाव नका घेऊ, खालचं ऐकून राह्यलं असते कोनी. रात्रीची उतरली नसावी. त्याला विहिरीवरून काढलं आणि दवाखान्याचं आवार झाडायला लावलं. आसिम एकटाही चालेल म्हणाला. शिस्त म्हणजे शिस्त.

१९ नोव्हेंबर
काम झपाट्याने चाललं आहे. यारीवाला सांगतो, कालपासून बादली खाली टेकते न टेकते तोच भरते. दोघांनी मिळून काढला नसता इतका गाळ एकट्याने काढला. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि वामनरावांनी, हे आमचे पट्टेवाले, स्वतः चहा आणून दिला.

आसिमही सुधारलाय. चहा नाही, थट्टा नाही, नुसतं एकशब्दी 'हजर'. आज तर माझं त्याचं नाव पुरतं घेऊनही झालं नव्हतं तोच खालून उत्तर आलं. जरा दचकले. गाळ मात्र कोरडा येतो. ओल्या विहिरीतून कोरडा गाळ कसा, ते यारीवाल्यालाही कळत नाही.

२१ नोव्हेंबर
कहकशां आली होती. मंगळवारपासून आसिम घरी नाही. कोर्टाने त्याला कामावरच मुक्कामी ठेवलंय असं तिला वाटत होतं, आणि तिने त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली होती.

मी म्हटलं, अगं, रोज हजर आहे तो, आज सकाळीही होता. मग लक्षात आलं. मंगळवारपासून मी त्याला पाहिलेलं नाही. नुसतं ऐकलंय. यारीवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला, मी बादल्या पाहतो, मानूस नाही पाहिला.

तशीच विहिरीवर गेले. भर दुपार होती. हाक मारली. 'हजर.' वर ये म्हटलं, काहीच नाही. पुन्हा नाव घेतलं. 'हजर.' बरा आहेस का? काहीच नाही. नाव घेतलं. 'हजर.' त्याला तो एकच शब्द येतो. जीव मुठीत धरून काठापर्यंत रांगत गेले आणि वाकून पाहिलं.

तळाशी कोणी नव्हतं.

२२ नोव्हेंबर
पोलीस उतरले. माणूस नाही. कपारीचं तोंड ढासळून बंद झालंय. ते केव्हाचं, मी विचारलं. तीन-चार दिवसांचं असेल, म्हणाले. मी म्हटलं, मग खणा ना! तर हवालदाराने मलाच समजावलं, मॅडम, तुमच्याच हजेरीत तो कालपर्यंत हजर आहे. ढासळलेल्याच्या आत कसा असेल? तो पळाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं की मी नुसता आवाज ऐकला. नाही सांगितलं. नोकरीला महिनाही झाला नव्हता, जीभ रेटली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कहकशां काठाशी बसून होती. तिला नजर देऊ शकले नाही.

२८ नोव्हेंबर
आसिम परत आलाय. पहाटे दाराशी उभा होता म्हणे. हे ऐकून मी रडले, खरंच रडले. विमलताईंनी साखर ठेवली हातावर.

संध्याकाळी भेटायला गेले. खाटेवर बसला होता. चेहरा तोच. पायांचा गाळ कहकशांने तीनदा धुतला, जात नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून आत येत नव्हती. मी म्हटलं, आसिम, कुठे होतास रे?

'हजर.'

२ डिसेंबर
कोर्टात आणला. वामनरावांनी पुकारा केला. नाव संपायच्या आत तो आत उभा होता.

साहेबांनी विचारलं, समन्वयक, हाच तो इसम ना? हजेरीचे दिवस भरलेत, काम पूर्ण, शिक्षा संपली, तुमची ओळख पुरेशी आहे.

कहकशां मागे उभी होती. मान हलवून नाही नाही म्हणत होती. मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा आसिमचा. काय सांगणार होते? हा बोलत नाही म्हणून हा तो नाही?

हो म्हणाले.

तो हसला. आसिम असा हसत नव्हता.

४ डिसेंबर
कहकशां भर बाजारात माझा हात धरून उभी राहिली. "ते आसिम नाही, मॅडम. मी चार साल त्याच्यासंग राह्यली, मले नाही समजन का? पोटाले कान लावून बसते. पोराले नाव काय ठेवता, म्हून इशाऱ्यानं विचारते."

म्हणजे पोर जन्मायच्या आधीच त्या खालच्याला त्याचं नाव हवंय —

तिला माहेरी नेरच्या बसमध्ये बसवून दिलं. हिरासिंगकडे गेले. हात जोडले. कपार खणून दे म्हटलं. त्याने एकच अट घातली, नाव नाही घ्यायचं. कोणाचंच.

साहेबांना उद्या सगळं सांगणार. नोकरी जाऊ दे. आधी खणणार.

५ डिसेंबर
विहिरीवर. सकाळचं ऊन. हिरासिंग यारी आणायला गेलाय. लिहीत बसलेय, नाहीतर पळून जाईन.

खालून आवाज —

'हजर' नाही. बोलतोय. क्षीण. दगडांच्या मागून. मी नाव घेतलं नाही, शपथ, मी काहीच बोलले नाही —

आसिम आहे. खरा. म्हणतोय, मॅडम, मले वर घ्या. म्हणतोय, तुमी रोज आवाज देत होत्या, मी रोज वरडत होतो, माह्या आधी दुसरंच कोनी बोले —

देवा. रोज. तो रोज तिथे होता आणि मी खुर्चीत —

म्हटलं, थांब रे, येतेच, दोर येतोय, घाबरू नको —

कोणीतरी आवारात आलं. हिरासिंग नाही. यारीचा आवाज नाही. पाय गाळाचे.

कडुनिंबाखाली थांबलाय. माझ्या खुर्चीपाशी.

तोंड उघडतोय. दुसरा शब्द शिकलाय. पुकाऱ्यासारखा, खणखणीत, माझंच नाव — शर्वरी भास्कर जगदाळे —

मी नाही बोलणार. दात आवळून धरलेत. मी नाही बो —

खालून. माझ्याच आवाजात —