मशीन सुनेची, मोजा मुलाचा

हे मृत्युपत्र लिहावे लागते आहे, कारण माझा मुलगा आणि सून लाकूड घासायच्या एका सँडिंग मशीनवरून आठवडाभर एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि येत्या सोमवारी मानाग्वाच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. पहिले कारण नसते तर नुसत्या दुसऱ्यासाठी मी कागद खराब केला नसता.

मी, एर्मिनिया न्यामेंदी, कै. कातालिनो गाइतान यांची पत्नी, वय एकाहत्तर, लेओनच्या विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवीधर, धंदा डोलखुर्च्या बनवणे, राहणार मासातेपे, निकाराग्वा, असे जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी कोणाची हिंमतही नाही. याआधी मी तोंडी दिलेली सर्व वचने, विशेषतः नाताळच्या जेवणानंतर दिलेली, रद्द समजावीत.

१. राहते घर माझा एकुलता एक मुलगा नॉर्विन याला. अंगणातले आंब्याचे झाड तोडू नये. त्याच्या सावलीत वार्निश सावकाश आणि नीट वाळते.

२. रस्त्याकडचे विक्रीचे दुकानही नॉर्विनला. तो गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करतो, आणि गिऱ्हाईक उठते ते खुर्ची घेऊनच. कातालिनोला हे कधी जमले नाही. मला तर नाहीच; मी गिऱ्हाइकांना खुर्ची उन्हात ठेवू नका म्हणून दम भरत असे.

३. मागचा कारखाना, त्यातली सर्व हत्यारे, लाकूड आणि दारावरची नावाची पाटी यांसह, माझी सून याओस्का हिला. एकटीला.

हे वाचताना नॉर्विन खुर्ची मागे सरकवील. त्याने बसावे आणि पुढचे ऐकावे.

गेल्या रविवारी मी मोंडोंगोचा, म्हणजे वजडीचा, रस्सा वाढत असताना तो म्हणाला, “आई, कारखाना कोणाचा ते एकदाचं सांगून टाक. म्हणजे नवी मशीन कोणाच्या मर्जीने घ्यायची तेही ठरेल.”

याओस्का म्हणाली, “ती दिवसभर कोणाच्या हातात असणार, ते आधी ठरव.”

“तुला काय कळतं मोटरमधलं? जितकी ताकद जास्त, तितकं काम लवकर.”

“हो ना. म्हणूनच पाद्रेंची खुर्ची इतक्या लवकर दारापर्यंत पोचली.”

नॉर्विन वाडगा तसाच ठेवून उठला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नॉर्विनने मागच्या वर्षी मानाग्वाच्या बाजारातून सँडिंग मशीनचे एक धूड आणले. स्वस्त होते, हे खरे. मोटारीचा रंग खरवडायला ते उत्तम असेल. त्याने हौसेने पाद्रे ओनोफ्रे यांच्या खुर्चीच्या खालच्या कमानी त्यावर घासल्या, जमिनीला टेकणाऱ्या बाजूने. बाहेरचा कोणी सुतार हे करणार नाही, कारण ती बाजू कोणाला दिसत नाही. पण आम्ही मासातेपेचे; आम्हाला न दिसणारेही गुळगुळीत हवे असते. एक कमान किंचित सपाट झाली. पाद्रे खिडकीशी वाचायला बसले आणि झुलत झुलत दाराशी निघाले. “दोन्या एर्मिनिया,” मला म्हणाले, “तुमची खुर्ची माझ्याआधी प्रार्थनेला हजर असते.” गाव अजून म्हणते, यात्रेला बैलगाडी कशाला, नॉर्विनची खुर्ची घ्या.

ती खुर्ची याओस्काने लांब फळीला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच दुरुस्त केली आणि नवऱ्याला एक शब्द ऐकवला नाही. रविवारपर्यंत. कारखाना कोणाचा, ते मी ती खुर्ची दुरुस्त झाली तेव्हाच ठरवले होते.

४. मशीनविषयी. ऑर्बिटल सँडर घ्यावा, आणि तो याओस्काने हातात धरून, चालू करून, मगच घ्यावा. डब्यावरचे आकडे वाचून घेऊ नये. एका हातात मावेल इतका हलका हवा. खुर्चीचा हात घासताना दुसऱ्या हाताने खुर्ची धरावी लागते. तबकडी नुसती गरगरणारी नको. फिरता फिरता थरथरणारी हवी, म्हणजे एक ओरखडा दुसऱ्याला पुसतो. वेग कमीजास्त करता यावा. तबकडीखालचा, पेपर धरून ठेवणारा चिकटपट्टा झिजतो, तो वेगळा विकत मिळायला हवा. नाहीतर स्वस्त मशीन वर्षात भंगारात जाते. फार महाग घेऊ नये, जरूर नाही. खरखरीत पेपरवरून एकदम बारीकवर उडी मारू नये. मशीन दाबू नये. तिच्या वजनाने तिला काम करू द्यावे. माणसांनाही हेच लागू आहे.

धुळीची पिशवी असलीच पाहिजे. यात सवलत नाही. कातालिनो तोंडाला रुमालसुद्धा न बांधता, शिटी वाजवत घासत असे. “तुझ्या शिटीत लाकूड ऐकू येतं,” असे मी त्याला म्हणे आणि तो हसे. पुढे दम लागून शिटी बंद झाली. त्याच्या उशीचा अभ्रा मी कितीदा धुतला, तरी लाकडाच्या धुळीने लालसर राहिला.

अशी पहिली मशीन मी जिवंतपणीच, माझ्या पैशांनी घेतली आहे; वरचे नियम पुढच्यांसाठी. मी मरेपर्यंत धूळ थांबणार नाही.

५. नणंद क्लोतिल्दे हिला कारखान्यातला मोठा झाडू. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, “कॉलेजवाली भुसा झाडणार का?” झाडला. आता तिने पाहून खात्री करावी.

६. शिल्लक पैशांतून आधी इस्पितळ, मग या मृत्युपत्राच्या साक्षीदारांना व शेजाऱ्यांना जेवण. रडणाऱ्यांना मागाहून वाढावे.

७. माझा नायलॉनचा मोजा. लेओनहून पदवी घेऊन आले त्या दिवशी बसमध्ये फाटला. कातालिनो तेव्हा आमच्या घरी खुर्ची पोचवायला आला होता. मला म्हणाला, “तो मोजा मला द्या.” मी त्याला निर्लज्ज म्हटले. त्याने मोजा हातात चढवून खुर्चीच्या हातावरून सावकाश फिरवला आणि म्हणाला, “अडकला का? नाही ना? मग बसा.” मी बसले. पुढे जन्मभर त्या मोज्याने तपासल्याशिवाय आमची एकही खुर्ची बाहेर गेली नाही.

हा मोजा नॉर्विनला. मशीन बायकोची, मोजा नवऱ्याचा. मोजा अडकला तर तिने पुन्हा घासावे. न अडकला तर त्याने मुकाट्याने विकावे. दोघांच्या हाताखालून न गेलेली खुर्ची माझ्या नावाने विकू नये. ही माझी अट नव्हे, विनंती आहे. अशी विनंती मी फारशी करत नाही.

मासातेपे, शनिवार, १४ मार्च २०२६

एर्मिनिया न्यामेंदी (सही)

साक्षीदार: पाद्रे ओनोफ्रे सेकेइरा (सही), इसिद्रो पोतोस्मे, खुर्च्या विणणारे (सही)

सुपूर्द केल्याची नोंद, त्याच दिवशी, कारखान्यात

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचला. नॉर्विन म्हणाला, “म्हणजे मी बायकोचा नोकर?” मी म्हटले, “तपासनीस.” इसिद्रो म्हणाले, “पोरा, पगार तोच.”

नॉर्विनने मोजा चढवला आणि समोरच्या खुर्चीवरून फिरवला, चूक शोधायच्याच इराद्याने.

“अडकला.”

“कुठे?” याओस्काने विचारले.

“इथे. बोट लाव. तिथे नाही गं, खाली.”

“हं. आहे खरा.”

तिने मशीन लावली, त्याने खुर्ची धरली. दुसऱ्यांदा मोजा सरळ गेला.

कारखान्याची किल्ली, एक: याओस्काला मिळाली.
सँडर, एक, पेपरांसह: याओस्काला मिळाला.
दुकानाची किल्ली, एक: नॉर्विनला मिळाली.
मोजा, एक, फाटका: नॉर्विनला मिळाला.
धुळीची पिशवी, एक: डब्यातच राहिली, मशीनला लावलीच नाही. म्हणून सह्यांच्या जागी दोघांचे धुळीने लालसर झालेले अंगठे उमटले आहेत. आज एवढे चालवून घेतले.