अकराची बेल

३ जून, सोमवार
रुजू झालो एकदाचा! औषध कंपनीचा संशोधन विभाग, पांढराशुभ्र कोट, खिशावर रेशमानं भरलेलं माझं नाव. ताईला लगेच फोन केला. ती रडली आणि वर मलाच म्हणाली, वेड्या, रडतोस कशाला. दोन वर्षं झाली, तिची बोटं बधिर होत चालली आहेत. ह्याच बोटांनी लोकांचे कपडे शिवून तिनं मला शिकवलं. कंपनी त्या दुखण्यावर औषध शोधतेय असं वाचलं, म्हणून तर इथे अर्ज केला.

इमारत सात मजली. वरचे सहा मजले जाहिरात आणि विक्रीचे, तळमजल्याच्या कोपऱ्यात आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि भिंगकाका. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेत, म्हणून हे नाव. आमची एक भिंत अख्खी काचेची आहे.

४ जून
रोज अकराला आणि चारला बेल होते, आणि काचेपलीकडून डॉक्टरांची सहल जाते. बेल झाली की काहीतरी ढवळायचं, असा नियम! मला हसूच फुटलं. विक्रीच्या बाई म्हणाल्या, तुम्ही लिहिताना फार अभ्यासू दिसता, लिहीत राहा. मग काय, रोजनिशी कामाच्या टेबलावरच. दुपारी त्यांनी माझा फोटोही काढून नेला.

१० जून
बाटल्यांमध्ये रंगाचं पाणी आहे. सगळ्या उघडून पाहिल्या. फ्रिजची वायर कुठेच लावलेली नाही. काकांना विचारलं, तर म्हणाले, शेवटची रसायनं आमच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी आली. आता नात शाळेत जाते. त्यांच्या भिंगाखालच्या काचपट्टीवर काही नाही, कोरी आहे. वरच्या मजल्यांवर मात्र एका गोळीचा जांभळा रंग ठरवायला अठरा माणसं आठ महिने बसली होती म्हणे. त्या रंगावर जेवढा खर्च झाला, तेवढा काकांच्या अख्ख्या नोकरीत ह्या विभागावर झाला नाही. काका हे हसत हसत सांगत होते.

१७ जून
जांभळी गोळी बाजारात आली. बधिरपणावरचं नवं औषध. खोक्यावर माझा फोटो, कोटासकट. आत काय आहे, असं बाईंना विचारलं. जुनीच ताकदीची गोळी, फक्त रंग नवा; अपाय काही नाही हो, म्हणाल्या. मला संताप यायला हवा होता. आला नाही. चहा घेतला.

१८ जून
ताईचा फोन. तिनं खोका विकत आणला. खोक्यावर सख्खा भाऊ म्हटल्यावर काय, सगळ्या शेजारणींना दाखवून आली. डॉक्टरांच्या जुन्या कडू गोळ्या तिनं बंद केल्यात. त्यांच्यामुळेच तर दुखणं बोटांपुरतं अडलं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, वेळेवर घेत जा.

असं कसं म्हणालो मी? रविवारी सांगतो. नक्की.

२४ जून
काल फोन केला. ताई म्हणाली, इस्त्रीवर हात टेकला, हा एवढा फोड आला, पण दुखलं नाही बघ, गुण येतोय. मी म्हणालो, हो.

२८ जून
काका डबा खायला उठले नाहीत. हाक मारली. खांद्याला हात लावला. गार.

वर फोन केला. बाई धावत आल्या, काकांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. चारची सहल होऊन जाऊ दे, म्हणाल्या. डॉक्टरांनी काकांचे फोटो काढले. मी ढवळत होतो.

१ जुलै
काका अजून तिथेच. कोट बदललाय त्यांचा. सहलीला ते फार आवडतात म्हणे. वास यायला हवा. येत नाही. की मलाच— डब्यातली भाजीही कशीच लागली नाही.

२ जुलै
बेल नसतानाही हात ढवळतो. थांबवला. पुन्हा—

उद्या डॉक्टर नाहीत. गुण आलेले पेशंट येणार आहेत.

३ जुलै
अकराला पाच कमी. आलेसुद्धा. सगळ्यांत पुढे ताई. स्वतः शिवलेला नवा ड्रेस, छातीशी खोका. मला हात करतेय.

तिच्या बोटात सुई आहे. शिवणाची, आरपार. रक्त मनगटापर्यंत ओघळलंय. तिला कळलेलं नाही. हसतेय.

दार पाच पावलांवर आहे. ऊठ. अरे ऊठ की!

पाय नाही उचलत. मोठ्या अक्षरांत लिहितो, वही काचेकडे धरतो. एवढं तरी. ताई, गोळीत काही ना—

बेल.

डावा हात ढवळतोय. उजवा लिहितोय. वही उचलायला हात नाही— बाई तिला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगतायत. ताईनं कौतुकानं काचेवर हात टेकलाय. काचेवर लाल— ताई, इकडे बघ, वाच, जुन्या गोळ्या चालू कर, ही घेऊ न