चौदावी सही

कॅरिआकू,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप कॉस्नेलदादास,
धाकट्या इस्मेचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे छप्पर आहे आणि छपराखाली मी आहे. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाचं लावतोस, म्हणून आपला कागदच बरा. हडर्सफील्डला थंडी किती, हे विचारत नाही. दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तू नुसती कुरकुर लिहितोस.

वादळाला सात महिने झाले. बहुतेक घरांवर पत्रे चढले. वीजही आली, पण डिझेलची. बोट आली तर दिवा, नाहीतर मेणबत्ती. मागच्या आठवड्यात समुद्र खवळला नि तीन दिवस बोटच नाही. माझा सिल्व्हन असता तर इंजिनघरात जाऊन सगळ्यांना शिव्या घालून आला असता. त्याला जाऊन, मला विधवा होऊन, मंगळवारी पाच महिने होतील.

आता कामाचं. आपल्या भावाची, गॅस्टनची मर्लिन वीज कंपनीत इंजिनिअर आहे. बाप गेल्यावर पोरगी शिकली हो, नाव काढलं. ती रविवारी एक कागद घेऊन आली. कंपनीला इथे सोलर पॅनेलं बसवायची आहेत, सोबत मोठ्या बॅटऱ्या. मग या बेटाला डिझेलच्या तोंडाकडे बघायला नको. त्यासाठी सपाट, बिनसावलीची जागा हवी, आणि या बेटावर तशी जागा म्हणजे आपलं वरचं रान. विकत घेणार नाहीत, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेणार. भाडं थोडकंच आहे.

पण रान पडलं सामाईक. कागदोपत्री अजून पापांचंच, म्हणजे आपल्या सगळ्यांचं आणि कुणा एकाचं नाही. म्हणून पापांच्या चौदाही वारसांच्या सह्या हव्यात. ब्रुकलिनच्या आल्या, टोरांटोच्या आल्या. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या आपल्या दोघी बहिणींनीसुद्धा एकाच कागदावर सह्या केल्या. तुझी तेवढी राहिली. जूनअखेर ती आली नाही तर पॅनेलं मोठ्या बेटावर जातील आणि आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत बसू. माझ्या मेंढ्यांची काळजी करू नकोस. मर्लिन म्हणते, त्या पॅनेलांखाली चरतील. सावलीत चरण्याचं सुख त्यांना पहिल्यांदाच मिळेल.

कागद सोबत आहे. लोभ आहेच. या खेपेला तो सहीच्या रूपानं दिसावा.

तुझी,
इस्मे

*

हडर्सफील्ड,
३ मार्च २०२५

चि. इस्मेस,
कॉस्नेलचे अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. सही केलेली नाही. आता आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच.

मी सव्वीस वर्षं बस चालवली. बस शहराची होती, तसं तिच्या अंगावर लिहिलेलं होतं. शहाऐंशी सालापासून कारभार बदलत गेला. बस तीच, रस्ता तोच, मीही तोच, फक्त मालक निराळा. मग वरच्या वाड्यांची रविवारची फेरी बंद झाली, कारण ती परवडत नव्हती. चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या मला विचारायच्या, की बाबा, ही तर आमची बस होती ना? मी मान खाली घालून तिकिटं फाडायचो.

आता आपल्याकडचं बघ. तीस वर्षांपूर्वी सरकारनं वीज कंपनी विकली. चार वर्षांपूर्वी परत घेतली, तेव्हा तुम्ही म्हणालात, वीज पुन्हा आपली झाली. झाली, मान्य. पण ज्यांनी एकदा विकली ते दुसऱ्यांदा विकायला लाजतील का? तीस वर्षांत किती सरकारं येतील आणि जातील. उद्या कुणी परका कंपनी घेईल आणि तिच्यासोबत पापांचं रानही त्याच्या कुंपणात जाईल. माझं तोंड दुधानं पोळलेलं आहे, मी ताक फुंकूनच पिणार. मर्लिन हुशार आहे, पण तिचं वय कागदावर विश्वास ठेवायचं आहे.

आणि एक. मी निघालो तेव्हा पापा धक्क्यावर म्हणाले होते, रान विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, जो परत येईल त्याच्यासाठी ते आहे. परत येणारा मी आहे. अठ्ठावन्न वर्षं तेच म्हणतोयस, असं तू म्हणशील. उंटावरून शेळ्या हाकतोयस, असंही म्हणशील. म्हण. पण जिवंत नाही आलो तर मेलेला तरी येईन, आणि मला तिथेच पुरायचं आहे.

गुडघे दुखतात, बाकी बरा आहे. राग दोन दिवसांच्या वर धरू नये. माया आहे तशी असो.

तुझा,
दादा

*

कॅरिआकू,
२२ मार्च २०२५

तीर्थरूप दादास,
इस्मेचा सा. न.

रागावले नाही. रागावण्याच्या पलीकडचं काही घडलं आहे, ते आधी तुलाच सांगते, गावात अजून कुणाला बोलले नाही.

काल पहाटे पापा स्वप्नात आले. पाण्याच्या टाकीजवळ उभे होते, अंगात पांढरा सदरा. म्हणाले, इस्मे, रान उजेडाला दे. रान कधी एकट्याचं नव्हतं आणि उजेडही एकट्याचा नसतो. मी काही बोलायच्या आत तुझी चौकशी केली. कॉस्नेल जेवला का, म्हणाले. त्याला सांग, मी त्याच्यावर रागावलेलो नाही.

तू कितीही साहेबाच्या देशात राहिलास तरी हे तुला समजावून सांगायला नको. गेलेले येऊन मागतात तेव्हा जिवंतांनी वाद घालायचा नसतो. सह्या पुऱ्या झाल्या की मी पापांच्या नावानं जेवण घालीन. गोळे वळलेला भात, तुरीचं कालवण, मेंढा. आधी गेलेल्या मोठ्यांचं ताट आतल्या खोलीत वाढून दार लावीन, जमिनीवर रम शिंपडीन, मगच गाव जेवेल.

बाकी तू जाणता आहेस. ममता असावी.

तुझी,
इस्मे

*

हडर्सफील्ड,
१५ एप्रिल २०२५

माझ्या लाडक्या इस्मेस,
खूप खूप आशीर्वाद.

सही केली. कागद सोबत आहे, मर्लिनला दे. बसबिस जाऊ दे. पापांनी मागितलं, विषय संपला.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. एकोणऐंशी साली पापा गेले तेव्हा मी कळवलं होतं की रजा मिळाली नाही. रजा मिळाली होती. साहेबानं स्वतः बोलावून, दोन आठवड्यांची दिली होती. मीच आलो नाही. बारा वर्षांनी घरी यायचं ते रिकाम्या हातांनी, धड बूटही नव्हते पायांत. गाव काय म्हणेल, याची लाज वाटली. ते दोन आठवडे मी इथेच खोलीत बसून काढले आणि मग कामावर गेलो. बायकोलाही तिच्या मरेपर्यंत खरं सांगितलं नाही.

तेव्हापासून पापा माझ्याकडे एकदाही आले नाहीत. तुमच्या सगळ्यांकडे आले. गॅस्टनकडे तर लग्नाआधी तीनदा आले होते. मी म्हणायचो, एवढा समुद्र ओलांडून कसे येतील? पण मनातून ठाऊक होतं की ते रागावलेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाजारात गेलो, तुरीचे दाणे आणले. भात वळायला हात विसरलेत, तरी वळला. ताट वाढून आतल्या खोलीत ठेवलं आणि दार लावून बाहेर बसलो. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आता दर रविवारी वाढतो. शेजारच्या बाईला वाटतं, मी कुणाला तरी लपवून ठेवलंय.

मला सगळं नीट लिही. शब्द कोणते होते? आवाज कसा होता? माझं नाव घेताना चेहरा कसा होता? काही गाळू नकोस.

पुष्कळ वर्षांनी इतकी शांत झोप लागते आहे. तुझं भलं होवो.

तुझा,
दादा

*

कॅरिआकू,
७ मे २०२५

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझा सही केलेला कागद परत पाठवते आहे. मर्लिन तीनदा विचारून गेली. तिला सांगितलं, अजून टपाल आलं नाही. कागद तेव्हा माझ्या बायबलमध्ये होता.

पापा आले नव्हते. मी स्वप्न रचलं. टाकी, सदरा, सगळं. तुला दुसऱ्या कशानं हलवता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तुझी चौकशी केल्याचं वाक्य तर गोडी यावी म्हणून शेवटी घातलं, भाजीत चिमूटभर साखर टाकावी तसं. ते तुझ्या कुठे जाऊन लागेल याची मला कल्पना नव्हती. गावात कुणाला सांगितलं नाही, कारण इथे माझ्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं. मेलेल्यांच्या तोंडी आपलं बोलणं घालणं, याहून मोठं पाप आपल्यात नाही. ते मी केलं.

का केलं, तेही ऐक. सिल्व्हन झोपेतच गेला, हाल झाले नाहीत, असं मी तुला लिहिलं होतं. तेही खरं नव्हतं. वादळानंतर वीज नव्हती. त्याचं इन्शुलिन मी मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, दर तासाला फडकं भिजवायचे. दिसायला औषध स्वच्छ होतं, पण उकाड्यानं त्यातला जीव गेला होता. मी माझ्या हातानं त्याला सकाळ-संध्याकाळ नुसतं पाणी टोचत होते, दादा. तो म्हणायचा, इस्मे, मला काही बरं वाटत नाही. मी म्हणायचे, धीर धर. शेवटचे चार दिवस त्यानं मला ओळखलं नाही.

या बेटावर दुसऱ्या कुणीही मडक्यावर असं फडकं भिजवत बसू नये, एवढंच मला हवं होतं. पण म्हणून तुझे पापा तुला दाखवून काढून घ्यायचा हक्क मला नव्हता. तू रजेचं खरं लिहिलं नसतंस तर कदाचित मी गप्प बसून ते चेहऱ्याचं वगैरेसुद्धा लिहिलं असतं. तुझं पत्र वाचल्यावर हात चालेना.

कागद तुझ्यापाशी आहे. काय करायचं ते तू ठरव. जूनअखेरचं मी काही म्हणत नाही. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
इस्मे

*

हडर्सफील्ड,
२९ मे २०२५

इस्मेस, आशीर्वाद.

पत्र वाचून मी तो कागद फाडला. मग दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तसंही माझ्याशी बोलायला इथे कोण आहे?

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पापा इतकं गोड आयुष्यात कधी बोलले नाहीत. रान उजेडाला दे, म्हणे. ते म्हणाले असते, रान तुझ्या बापाचं आहे का?

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईकरवी मर्लिनला फोन करून नवा कागद मागवला. तो तिनं ईमेलनं पाठवला, बाईनं छापून दिला. त्यावर माझ्या हातानं एक ओळ घातली आहे, की ज्या दिवशी ही कंपनी देशाची राहणार नाही, त्या दिवशी हे रान आपोआप घराण्याकडे परत येईल. मर्लिन म्हणते, तिनं वरच्यांना विचारलं आणि त्यांनी होकार दिला, मुदतही महिनाभर वाढवली. बाकी तेराजणांनी त्या ओळीखाली पुन्हा सह्या करायच्या आहेत. पळापळ तुलाच करावी लागेल, ती तुझी शिक्षा समज. माझी सही खाली आहे. ती पापांसाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. सिल्व्हनसाठी आहे. त्याचं तू मला तेव्हाच लिहिलं असतंस तर फेब्रुवारीतच सही झाली असती. मी एवढा दगड आहे, असं तुला का वाटलं, याचा विचार मी अजून करतो आहे.

मडक्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मोठा भाऊ म्हणून सांगतो, घेऊ नकोस.

ताट वाढणं बंद केलं आहे. पापा माझ्याकडे येत नाहीत हे सोसायची सवय झाली होती. ते आले होते असं दीड महिना वाटल्यावर ती सवय मोडली, आता पुन्हा लावून घ्यावी लागेल. या वयात वेळ लागतो.

जेवण घाल, गाव जेवू दे. मी येणार नाही. दिवे लागले की कळव, बोटीचंही कळव, मेंढ्यांचंही कळव. फक्त स्वप्न सांगू नकोस. पापा खरोखर आले, माझं नाव घेतलं, तरी सांगू नकोस. मला ते खरं मानता येणार नाही.

माया आटलेली नाही. तिला थोडा अवकाश दे.

तुझा,
दादा