निशाणी क्रमांक सदतीस

३ फेब्रुवारी, सोमवार

आली एकदाची! सहा हजार तीनशे अकरा पानं, एका पेन ड्राइव्हवर. समोरच्या बाजूचे वकील व्हिटलॉक यांची चिठ्ठी सोबत – ‘आपण मागितलेली सर्व कागदपत्रं सहर्ष सादर.’ सहर्ष! निम्मी पानं आडवी, उरलेली उलटी.

हारलननं पेन ड्राइव्ह उजेडात धरून पाहिला. "एवढंच? मला वाटलं जास्त असेल."

सव्वीस वर्षं या माणसाच्या ऑफिसात कागद सांभाळतेय. वकील म्हणून पहिला नंबर. कॉम्प्युटर मात्र त्याला अजून पाहुण्यासारखा वाटतो – लांबूनच मान हलवतो.

६ फेब्रुवारी

चारशे बारा पानं वाचली. केस तशी साधी. क्लेम ब्रुन्स, वय एक्याऐंशी, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, संध्याकाळी खोलीत पडला, खुबा मोडला, सतराव्या दिवशी गेला. आश्रम म्हणतो, त्यानं मदतीला बोलवायची बेल वाजवलीच नाही, आपल्या मनानं उठला. त्याची बायको ऑटिली म्हणते, वाजली असणारच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. शहात्तरावं चालू आहे, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.

बेल कधी वाजली, कधी बंद झाली, ते यंत्र आपोआप नोंदवतं. ती नोंद मागितली की उत्तर – ‘उपलब्ध नाही.’ मग उपलब्ध काय? सहा वर्षांचे जेवणाचे तक्ते. मंगळवार – हॉटडिश, तोच भट्टीतला खिमा-बटाटा. पुढचा मंगळवार – हॉटडिश.

७ फेब्रुवारी

आज दिवसभर हॉटडिश.

१२ फेब्रुवारी

सापडली!!

पान ४११८. फ्रीजरच्या तापमानाचा तक्ता आणि नाताळच्या गाण्यांची यादी, यांच्या मधोमध. अर्थातच उलटी. खोली बारा. बेल सुरू – संध्याकाळी ६.०४. बेल बंद – ६.५५. म्हणजे तो जमिनीवर सापडला ती वेळ. एक्कावन्न मिनिटं!

मी खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. मग हारलनला हाक मारली. त्यानं उभ्यानंच वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "व्हर्ला, ह्याला एखादा चांगला नंबर दे."

"नंबर ओळीनं मिळतो, हारलन. सदतीस."

"चांगला आहे."

१८ फेब्रुवारी

कोर्टात आता कागद चालत नाही. सगळ्या निशाण्या, म्हणजे पुराव्याचे कागद, कोर्टाच्या पोर्टलवर चढवायच्या, शुक्रवारी पाचच्या आत. उशिरा आलेली निशाणी खटल्यात घेणार नाही – न्यायाधीश टॉर्गर्सन बाईंचा हुकूम, ठळक अक्षरांत.

नियमपुस्तिका चौतीस पानांची. प्रत्येक निशाणीची वेगळी फाइल. फाइलच्या नावात स्वल्पविराम नको. वादीला आकडे, प्रतिवादीला अक्षरं. लेबल उजवीकडे खाली, पण मजकुरावर नको. मजकूरच कोपऱ्यापर्यंत गेला असेल तर? पुस्तिका गप्प. शेवटच्या पानावर – ‘कागद वाचवा, ही पुस्तिका छापू नका.’

हारलननं छापून घेतली. दोन प्रती. एकही उघडली नाही.

"पूर्वी लेबल जिभेनं ओलं करून चिकटवायचो," म्हणाला. "तेव्हा कसं, केस लढल्यासारखी वाटायची."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्याण्णव निशाण्या. एक्क्याण्णव दुपारी दोनपर्यंत गेल्या. सदतीस जाईना.

२.१० – परत. पान आडवं आहे. फिरवलं.

२.५० – परत. मजकुरात शब्द शोधता येत नाही. येईल असा केला.

३.४० – परत. फाइल फार मोठी. लहान केली.

४.२० – परत. अक्षरं अस्पष्ट. असणारच! आत्ताच नाही का लहान करायला लावली!

कोर्टाच्या कचेरीत जोनेलला फोन लावला. "अगं, मोठी चालत नाही, लहान दिसत नाही. करू काय मी?"

"मधली करून बघ ना."

"मधली म्हणजे केवढी?"

"ते पोर्टल सांगत नाही गं. आम्हालाही नाही सांगत."

४.५६ – हिरवी खूण! स्वीकारली! स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, घड्याळासकट. हारलन कोट चढवूनच आत आला. "झालं ना? चल, क्लबात मासे संपतील."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ८.०५ – ‘निशाणी ३७ परत. कारण – क्रमांक तीन आकडी हवा. ०३७.’

बाकीच्यांपुढे तरी कुठं शून्य आहे? त्या सगळ्या पास!

९.१० ला व्हिटलॉकचा अर्ज. निशाणी मुदतीनंतरची, सबब खटल्यातून वगळावी. अकरा पानं, एका तासात! आमच्याकडे एका तासात नुसता प्रिंटर गरम होतो.

सव्वीस वर्षांत एक मुदत चुकवली नाही मी. ऑटिलीला कळवायचं काम हारलननं माझ्यावरच टाकलं.

"एका शून्यासाठी?" तिनं विचारलं.

"हो."

मग म्हणाली, "बसमधली मुलं मोजताना मी कधी पुढं शून्य लावलं नाही बाई. सगळी घरी पोचायची."

२७ फेब्रुवारी

सुनावणी. व्हिटलॉक उभे राहिले. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. "माननीय, नियम म्हणजे नियम."

टॉर्गर्सन बाईंनी विचारलं, "फाइल चढवली कुणी?"

हारलननं माझ्याकडे बोट केलं. विचारलंही नाही! मी उभी राहिले. घड्याळ असलेला फोटो पुढं केला.

"तीन आकड्यांचा नियम कुठं आहे?"

"पुस्तिकेत नाही, माननीय. मी सगळी वाचली."

"सगळी? चौतीस पानं?"

"दोनदा."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "मग या दालनात ती वाचलेल्या आपण दोघीच." चष्म्यावरून व्हिटलॉककडे पाहिलं. "वकीलसाहेब, प्रतिवादीला अक्षरं लावायची असतात. तुमच्या तीनशे सहा निशाण्यांना आकडे आहेत. त्याही वगळू? नियम म्हणजे नियम."

व्हिटलॉक खाली बसले. सदतीस आत!

बाहेर आल्यावर हारलन म्हणाला, "मी हेच मांडणार होतो." हो तर!

५ मार्च

आश्रमाकडून तडजोडीचा निरोप. खटल्याआधीच मिटवू. अट एकच – बेलच्या नोंदीची वाच्यता नको, कागद कायमचा मोहोरबंद. हारलन म्हणाला, घ्या.

"नाही," ऑटिली म्हणाली. "तो कागद मला कोर्टाच्या भिंतीवर एवढा मोठा दिसला पाहिजे. सगळ्यांसमोर."

"ज्यूरीचा काय भरवसा, ऑटिली?"

"दोन वर्षं कशाचा होता?"

ती गेल्यावर हारलननं कपाळाला हात लावला. मलाही राग आला तिचा, खोटं कशाला लिहू? सगळं हातात आलेलं असताना बाई भिंतीसाठी अडून बसलीय!

११ मार्च

खटल्याचा दुसरा दिवस. सदतीसची पाळी. पडदा लागेना. कोर्टाचा तंत्रज्ञ आला, एक वायर काढली, तीच परत लावली. पंचवीस मिनिटं गेली. मग एकदम भिंतभर प्रकाश – आणि निशाणी उलटी!

मी सरळ केली होती! पाच वेळा चढवली होती!

ज्यूरीतल्या सहाही जणांनी माना तिरक्या केल्या. टॉर्गर्सन बाईंनीही. व्हिटलॉक तेवढे आपले बूट बघत होते. हारलननं वेळा मोठ्यानं वाचल्या आणि खाली बसला. त्याला इतकं कमी बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

ऑटिलीनं मानही तिरकी केली नाही. नुसती बघत राहिली. पान सरळ झालं, पुढची निशाणी आली, तरी ती त्याच जागी बघत होती.

१३ मार्च

निकाल आमच्या बाजूनं. सहाही जण. हारलन रडला – सर्दी आहे म्हणाला.

१५ मार्च, शनिवार

ऑटिलीला सदतीसची कागदावरची प्रत हवी होती. घरी नेऊन दिली. तिनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली, ६.०४ वर बोट ठेवलं. "ही मी," म्हणाली. "क्लेमला पाणी हवं होतं. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मी बेल दाबली, म्हटलं आता येतील कुणीतरी, आणि निघाले. मग सगळेच म्हणायला लागले, बेल वाजलीच नाही. जबानीत मला विचारलं तर मी म्हटलं, आठवत नाही. खरंच आठवेना गं. दोन वर्षं वाटत होतं, मी ती दाबलीच नाही."

बोट तिनं उचललं नाही. मीही उठले नाही.