दोन फूट बाय एक

११ मार्च

रेल्वे! ह्यांना आता रेल्वे करायचीय. खरी नव्हे, फळीवरची. डोंगरात अरुंद रुळांवरून जाते ना, तसली छोटी गाडी. एक स्टेशन, एक पूल, तीन डबे. व्यायाम घ्यायला येते त्या मुलीने हे खूळ डोक्यात भरवलं. "काकू, काकांचा डावा हात चालता राहील. डोकंही." हो, आणि कात्री कोण चालवणार? काकू!

१३ मार्च

झटका आल्यापासून ह्यांना चारच शब्द येतात — हो, नाही, पाणी आणि "चूक". जन्मभर नकाशे काढण्याची नोकरी, त्यामुळे "चूक" अगदी खणखणीत येतं. उजवा हात गेलाय. डाव्याने पाटीवर आराखडा काढतात. रेघ थरथरते, पण माप सोडत नाहीत. फळी चार फूट बाय अडीच, म्हणजे गाडी गोल फिरेल. जेवणाच्या खोलीतला पूर्ण कोपरा जाणार!

१४ मार्च

औषधाच्या खोक्याचं स्टेशन केलं. दार इतकं बुटकं झालं की प्रवासी रांगतच आत जाईल. हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "चूक."

१७ मार्च

लेकाचा फोन. माझे हात भांड्यांत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. "आई, ते शुश्रूषा केंद्र बघून आलो. रात्रंदिवस नर्स, स्वच्छ खोली. महिनाअखेर जागा रिकामी होतेय. तूच अंथरूण धरलंस तर काय करायचं?" आपली व्यायामवाली मुलगी सकाळी तिथेच काम करते म्हणे.

मी नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं. खरं सांगायचं तर मला हवंय ते. ह्यांना उठवा, अंघोळ घाला, भरवा, रात्री कूस बदलून द्या — जीव मेटाकुटीला आलाय. पाठीचे तर पार तीनतेरा वाजलेत. एक रात्र सलग झोप मिळावी, एवढंच मागणं आहे.

हे शेजारच्या खोलीत होते. ऐकलं असेल का?

१८ मार्च

काही लिहायचं त्राण नाही.

२१ मार्च

ह्यांनी आराखडा पुसून टाकला! चांगला रंगात आलेला, सगळा पुसला. नवी फळी — दोन फूट बाय एक. एवढ्याशा जागेत वळण इतकं आवळलं जातं की इंजिन रुळावरून घसरणारच, इंजिन घेतलं त्या दुकानदाराने बजावलंय. मी कापलेले पुठ्ठ्याचे डोंगर सगळे फुकट गेले.

"अहो, तो कोपरा रिकामा आहे ना?"

"नाही."

"दीड फूट तरी घ्या."

"चूक!"

आता गाडी गोल फिरणार नाही म्हणे. स्टेशनातून निघेल, पुलापर्यंत जाईल, परत येईल. करा काय करायचं ते. मी आजपासून कात्रीला हात लावणार नाही.

२२ मार्च

लावला. पूल कापला.

२६ मार्च

व्यायामवाली सहज बोलून गेली, "काकू, त्या कट्ट्यावर रेल्वे छान दिसेल हं, ऊन येतं तिथे." कुठला कट्टा? तिला वाटलं, मला ठाऊक आहे. केंद्रातल्या त्या खोलीत खिडकीखाली कट्टा आहे. ह्यांनी तिला पाटीवर खिडकी काढून दाखवली आणि खाली कसंबसं लिहिलं — "माप". ती मोजून आली. दोन फूट बाय एक.

म्हणजे हे निघालेत! मला एका शब्दाने न सांगता!

आधी काय वाटलं तेही लिहिते, इथे कोणाची चोरी आहे? सुटले बाई, असं वाटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग राग आला, असा राग आला की बस! घरातले पडदे निवडताना मला विचारलं नाही, आणि आता घर सोडतानाही नाही.

२७ मार्च

सरळ विचारलं, "जायचंय तुम्हाला?"

ह्यांनी पाटी हातात घेतली. मग ती बाजूला ठेवली आणि माझ्या पाठीवर हात फिरवायला लागले, बरोबर दुखतं तिथे. इतके दिवस मी कण्हत होते ते सगळं ऐकत होते तर.

मी म्हटलं, "चूक."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तर आधीच होतं.

२८ मार्च

लेकाला कळवलं — जागा नको. रात्रीपुरती नर्स शोध, आणि रविवारी तू स्वतः ये, बापाला अंघोळ घालायला. त्याने घुश्श्यात फोन ठेवला. येईल. न येऊन सांगतो कोणाला?

पाठ आजही ठणकतेय. उद्याही ठणकणार आहे, मला काही भ्रम नाही.

३० मार्च

सुतार येऊन माप घेऊन गेला. चार फूट बाय अडीच. म्हणाला, "बाई, अशी भिंतीतच पक्की बसवली तर नंतर कुठे नेता येणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

म्हटलं, "ठोका."