दुसरी टाच

इन्व्हरकॅरिक, स्कॉटलंड
३ जून १९५६

चि. गॅव्हिनला ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वॅटीकाका हिवाळ्यात गेले हे कळवलंच होतं. आता इथं मोच्यांच्या संघात बाबा एकटेच उरलेत. सप्टेंबरात कारागिरांच्या रविवारी पाद्री चर्चमध्ये एकेका संघाची नावं पुकारतील. बाकीचे तोंडानं ओ देतात, आपण बाकाखालच्या फळीवर टाच आपटून. दोन टाचा वाजल्या नाहीत तर आपला बाक जाणार. शेजारचे बेकरीवाले आत्तापासूनच त्याच्याकडे डोळे लावून बसलेत. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना जागा जरा जास्तच लागते.

तुझं नाव अजून संघात आहे, आणि बाबांची सगळी भिस्त तुझ्यावर. त्यांनी तुझ्या पायाच्या मापाचं जुनं लाकडी कलबूत काढून त्या दिवसासाठी बूट शिवायला घेतलेत. डोळ्यांना धड दिसत नाही, दोरा मी ओवून देते, पण टाका मला घालू देत नाहीत. न्यूझीलंडात पाय वाढला असेल तर, असं मी विचारलं. तर म्हणाले, इतक्या वर्षांत पोराची अक्कल वाढली नाही, पाय कुठून वाढतोय.

बोटीचं तिकीट काढलंस की कळव. आलास की आधी चार शब्द सुनावणार आहे, मग जेवायला वाढणार आहे. लोभ आहेच, तो वाढवायला समोर ये.

तुझी,
मार्जरीताई


ओटागो, न्यूझीलंड
१२ ऑगस्ट १९५६

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मार्चमध्ये लाकडाच्या गिरणीत ओंडका घसरला आणि माझ्या डाव्या पायावर आला. पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. बाकी मी ठीक आहे. जेवतो, कुबड्यांवर चालतो, पोरीबाळींना हसवतो.

ज्या बाबांनी जन्मभर लोकांच्या पायांत जोडे घातले, त्यांच्यासमोर असा कसा येऊ? त्यांना हे सांगू नकोस. गॅव्हिनला आता मोच्याच्या धंद्याची लाज वाटते, म्हणून येत नाही, असं सांग. रागावतील, शिव्या देतील. राग त्यांना झेपतो. दुसरं झेपणार नाही.

तुला खोटं बोलायला लावतोय, त्याबद्दल पोटात घाल. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
गॅव्हिन


इन्व्हरकॅरिक
३० सप्टेंबर १९५६

प्रिय गॅव्हिन,

बाबा गेल्याची तार मिळालीच असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते आहे.

तू सांगितलंस तसंच मी बोलले. ते रागावले नाहीत रे. हातातली आरी खाली ठेवली, थोड्या वेळानं परत उचलली आणि तुझा बूट पुरा केला. कारागिरांच्या रविवारी एकटेच संघाचं निशाण घेऊन चर्चमध्ये शिरले. तुझे बूट बगलेत होते. जो विचारेल त्याला सांगत होते की गॅव्हिनची बोट लांबली. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

पाद्रींनी त्यांचं नाव घेतलं, त्यांनी टाच वाजवली. मग तुझं नाव आलं. बाबा वाकले, तुझा एक बूट हातात घेतला आणि फळीवर आपटला. सगळ्या चर्चनं ते पाहिलं. पाद्रींनी यादीवर खूण केली आणि ते पुढच्या संघाकडे वळले. बेकरीवाल्यांनीसुद्धा हरकत घेतली नाही, आपला बाक राहिला.

मला ते सहन होईना. बाहेर आल्यावर, दफनभूमीच्या भिंतीपाशी, मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. तुला दिलेला शब्द मोडला. ते भिंतीवर बसले आणि कोणता पाय, एवढंच विचारलं. डावा, म्हटलं. त्यांनी जोडी मांडीवर घेऊन चाचपली आणि मघाशी आपण कोणता वाजवला ते विचारलं. बूट आपटला तेव्हा मी मान वर करून नीट पाहिलं होतं. उजवा, म्हटलं. तेव्हा म्हणाले, बरं झालं, म्हणजे खोटा वाजला नाही.

त्या रात्री त्यांना ताप भरला, आणि गुरुवारी ते गेले. गाढवाला म्हणावं, मी तुला पाय मागितले नव्हते, असा निरोप तुझ्यासाठी ठेवून गेलेत.

डावा बूट त्यांच्यासोबत ठेवला. उजवा पार्सलनं पाठवते आहे. पायात घालून बघ, बसतोय का ते कळव. लोभ कमी करू नकोस, मला आता तूच आहेस.

तुझी,
ताई